बारदान वजा करा

आप्पांचं हिमोग्लोबिन अकराच्या वर असे. माझं आठच्या आसपास. आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये माणसाची पत या एका आकड्यावर ठरत होती, आणि तो जाहीर करण्याचं काम आप्पांनी कोणी न सांगता स्वतःकडे घेतलं होतं.

सेंटर वसई पश्चिमेला, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. तळमजल्यावर फरसाणाचं दुकान. सकाळच्या पाळीचे आम्ही लोक मशीनला जोडले गेलो की थोड्या वेळाने खाली शेव तळायला घेत, आणि मिठाची बंदी असलेली सगळी माणसं डोळे मिटून तो वास घेत पडून राहत. कोणी त्याबद्दल बोलत नसे. आप्पा बोलत. "आज तेल बदललंय," ते छताकडे बघत सांगत. "बरं केलं. शनिवारी कडवट होतं."

त्यांची खाट खिडकीजवळ, माझी तिच्या शेजारी. मंगळवार, गुरुवार, शनिवार. दोन वर्षं मी हा माणूस हाताच्या अंतरावरून पाहिला. मी एका दैनिकाच्या संपादकीय विभागात आयुष्य काढलं. माणसाबद्दल लिहिताना विशेषणं गाळावीत, ही तिथली शिकवण. तरी एक विशेषण ठेवावं लागेल. आप्पा देखणे होते. साठी उलटलेल्या आणि दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाने इतकं देखणं असणं मला गैरसोयीचं वाटे. आमची कातडी काळवंडली होती, त्यांची गव्हाळच राहिली होती. आम्ही जुने टी-शर्ट घालून येत असू, कारण डाव्या हाताच्या शिरेत दोन जाड सुया टोचायच्या आणि चार तास तो हात हलवायचा नाही. आप्पा कडक इस्त्रीचा पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येत. त्यांनी शिंप्याकडून सगळ्या शर्टांच्या डाव्या बाहीला मनगटापासून खांद्यापर्यंत चेन लावून घेतली होती. खाटेवर बसले की सरकन ती चेन उघडत आणि हात सिस्टरपुढे धरत. पाळी संपली की सरकन बंद. बाहेर रस्त्यावर त्या माणसाला काही झालंय असं कोणाला वाटलं नसतं.

चादर ते घरून आणत. सेंटरची चादर ही लोकांची असते, म्हणत. उशाला कंगवा.

वजनकाट्याचा त्यांचा एक विधी होता. मशीनवर जाण्याआधी प्रत्येकाचं वजन होतं. मागच्या वेळेपासून जेवढं वाढलं तेवढं अंगातलं पाणी, आणि तेवढंच मशीनने काढायचं. आप्पा आधी चपला काढत, मग घड्याळ, किल्ल्या, पट्टा, कंगवा, आणि सगळं बाकावर ओळीने मांडून काट्यावर चढत. तरी आकडा आला की म्हणत, "कपडे राहिले. बारदान वजा करा, सिस्टर."

सिस्टर मूळच्या केरळच्या. वसईत बरीच वर्षं काढलेल्या. "आप्पा, शर्ट कितना वजन का होता है?"

"इस्त्रीचा आहे. जड असतो."

बारदान, म्हणजे माल ज्यात भरला त्या करंडी-पोत्याचं वजन, हा त्यांच्या धंद्यातला शब्द. जवळच उमेळ्याला त्यांची वाडी होती. केळी, पानवेल, मोगरा. माल करंड्यांत भरून टेम्पोने मुंबईच्या बाजारात जाई, आणि तिथे करंडीचं वजन धरून भाव करणारा व्यापारी त्यांना ठाऊक होता. निम्म्या वाडीवर आता इमारती उभ्या आहेत. खिडकीबाहेर बोट दाखवून कुठल्या इमारतीच्या पार्किंगखाली राजेळी केळीची झाडं होती ते आप्पा सांगत. त्यात हळहळ नसे. नकाशा वाचून दाखवावा तसं सांगत.

त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा एव्हरशाईन सिटीत राहत असे. तो त्यांना सकाळी गाडीने दारात सोडी आणि कामावर जाई. मुलाला तरुणपणीच मधुमेह झालेला, त्यामुळे त्याचं मूत्रपिंड घेता येत नव्हतं. मेंदू मृत झालेल्या माणसाचं मूत्रपिंड मिळावं म्हणून आप्पांनी प्रतीक्षायादीत नाव नोंदवलं होतं आणि ते फोनची वाट बघत होते. एवढी त्यांची माहिती. बाकीची मी जमवली नाही. ती माझ्या बायकोने जमवली.

माझी बायको प्रत्येक पाळीला माझ्याबरोबर येत असे. दोन तास झाले की डबा उघडी. स्टीलचा, एका बाजूला पोचा आलेला, फिरकीच्या झाकणाचा. त्यात दोनदा उकळून पाणी टाकून दिलेली भाजी, बिनमिठाची चपाती. ती माझ्या उजव्या हातात घास देई आणि तोंडाने आप्पांशी बोलत असे. सुरण उकळून चालतो का. दुधी रोज दिला तर कंटाळतील का हे. आप्पा अशा प्रश्नांची उत्तरं भाव सांगितल्यासारखी ठामपणे देत. ती हसे. मला आठवतं त्याप्रमाणे घरी ती तेव्हा हसत नव्हती. घरी फक्त "आप्पा म्हणतात" एवढं येई. आप्पा म्हणतात, पाण्याऐवजी बर्फाचा खडा चघळावा. आप्पा म्हणतात, पालथं झोपू नये.

"आप्पा डॉक्टर आहेत का?" मी एकदा विचारलं.

"नाहीत. पण त्यांचं हिमोग्लोबिन बघा."

मी पेपर पुढे ओढला.

ते स्वतः मशीनवर कधी काही खात नसत. ती डबा पुढे करी. ते हात हलवत. "खाटेवर जेवायला मी काय बाळंतीण आहे, वहिनी? पत्रकारांना भरवा. त्यांना गरज आहे."

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सगळ्यांचं रक्त घेत. गुरुवारी रिपोर्ट येत. आप्पा सिस्टरकडून सगळा गठ्ठा मागून घेत आणि मोकळ्या हाताने एकेक कागद वर धरून वाचत. नियमात हे बसत नव्हतं. कोणी हरकत घेत नव्हतं, कारण प्रत्येकाला दुसऱ्याचा आकडा हवा असे.

माझ्या कागदावर ते जरा जास्त थांबत.

मूत्रपिंडं बिघडली की रक्त कमी होतं, ही वाचकांना बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट. रक्त तयार करायचा हुकूम मूत्रपिंडातून सुटतो. तो सुटत नाही म्हणून त्याचं इंजेक्शन द्यावं लागतं. आणि हुकूम पोचला तरी माल लागतो, म्हणजे लोह. ते कमी पडलं तर शिरेतून देतात. कोऱ्या चहाच्या रंगाची ती बाटली असते. लोह कमी आहे की नाही हे मुख्यतः दोन आकड्यांवरून बघतात. एक फेरिटिन, म्हणजे साठा. दुसरा, रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनापैकी किती टक्के भरलेलं आहे तो. निरोगी माणसात हे दोन आकडे साधारण एकमेकांशी जुळतात. आमच्यात भांडतात.

माझं फेरिटिन नऊशेच्या पुढे होतं. दुसरा आकडा बारा टक्के.

"वखार शिगोशीग भरलीय," आप्पांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "आणि रस्त्यावर शंभर टेम्पो उभे आहेत, त्यातले भरलेले बारा. पत्रकार, तुमच्या वखारीला कुलूप कोणी लावलं?"

लोक हसले. बायकोही हसली. मग तिने विचारलं, "खरंच, कोणी लावलं?"

तिला ते विचारायचं कारण होतं. ती मला तिचं मूत्रपिंड देणार होती. रक्तगट जुळला होता, दोघांच्या रक्ताची आपसातली चाचणीही चांगली आली होती. मुंबईच्या रुग्णालयात उरलेल्या तपासण्या चालू होत्या. पण हिमोग्लोबिन असंच घसरत राहिलं तर बाहेरचं रक्त चढवावं लागणार होतं, आणि आमच्या मॅडमना ते टाळायचं होतं. मॅडम म्हणजे मूत्रपिंडविकाराच्या डॉक्टर. आठवड्यातून दोनदा सेंटरवर येत. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, "परक्याचं रक्त चढवलं की शरीर परक्याला ओळखायला शिकतं. ते शिकलेलं शरीर उद्या यांचं मूत्रपिंड आल्यावर त्यालाही परकं ठरवू शकतं. दर वेळी होतं असं नाही. पण मला ती जोखीम आत्ता नको."

"मग लोह द्या ना," बायको म्हणाली. "बारा टक्केच आहे."

"फेरिटिन बघा. ते नुसता साठा दाखवत नाही. अंगात कुठे सूज असली, जंतू असले, की तेही वाढतं. शरीर लोह आत कोंडून ठेवतं, जंतूंना मिळू नये म्हणून. ते कोंडलेलं आहे की नाही बघायला मी अजून एक तपासणी केली. नव्या जन्मलेल्या लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन किती आहे ते बघतात. कमी आहे. म्हणजे लोह आहे, पण कारखान्यात पोचत नाही. आणि सूज दाखवणारी तपासणीही वाढलेली आली. कुठेतरी काहीतरी धुमसतंय. ते सापडायच्या आधी मी वरून लोह ओतलं तर कोणाला खुराक मिळेल सांगता येत नाही."

त्यांनी छाती बघितली, लघवी बघितली, सुया टोचायची शीर बघितली, पाय बघितले. मला ताप नव्हता. कुठे दुखत नव्हतं. काही सापडलं नाही. हिमोग्लोबिन सात पॉइंट सहावर आलं. मॅडम म्हणाल्या, सातच्या खाली गेलं तर रक्त चढवण्यावाचून इलाज नाही.

मी जिना चढताना मध्ये बसू लागलो होतो. पायरीवर बसलेला असताना आप्पा माझ्या बाजूने वर जात. कंगवा खिशात, बाहीची चेन बंद. "या सावकाश," म्हणत.

आता त्या मंगळवारांबद्दल.

रक्त द्यायच्या मंगळवारी आप्पा वेगळे वागत, हे मी बऱ्याच उशिरा टिपलं. त्या दिवशी ते शर्टावर खादीची बंडी घालून येत. आणि त्या दिवशी बारदान वजा करत नसत. चपला, पट्टा, बंडी, सगळ्यासकट काट्यावर चढत, आकडा बघत आणि गुपचूप खाटेवर जात. बंडी काढून घडी करून पायाशी ठेवत. त्या दिवशी ते बोलतही कमी. तिसऱ्या तासाला खाटेची कड धरून ठेवत, ओठ आवळलेले. मला वाटे, महत्त्वाच्या दिवसाचं गांभीर्य असेल.

मे महिन्यातला पहिला मंगळवार होता. मशीनवर दीड तास झाला असेल. बायको मला काहीतरी सांगत होती, आणि आप्पांनी वाक्याच्या मध्येच "वहिनी" म्हटलं. आवाज वेगळा होता. आम्ही वळून पाहिलं. तोंड पांढरं पडलेलं, मान एका बाजूला. सिस्टर धावत आल्या. रक्तदाब लागत नव्हता. त्यांनी मशीनचं पाणी काढणं बंद केलं, सलाईन सोडलं आणि खाटेची पायाकडची बाजू झटक्यात वर केली. घडी केलेली बंडी घसरून जमिनीवर पडली.

कापड पडल्याचा आवाज वेगळा असतो. हा लोखंडाचा होता. बंडीच्या आतल्या खिशांतून वजनं बाहेर आली. वखारीतली जुनी, तराजूची. एक किलोचं, अर्ध्या किलोचं, आणखी एक अर्ध्याचं. ते शेवटचं घरंगळत माझ्या खाटेखाली आलं.

आप्पा दहा-पंधरा मिनिटांत शुद्धीवर आले. मॅडम नेमक्या त्या दिवशी सेंटरवर होत्या. त्यांनी वजनं हातात घेऊन बघितली.

"आप्पा, तुम्ही पाणी कधीपासून बंद केलंत?"

आप्पा छताकडे बघत होते.

"शनिवारपासून?"

"खडा चघळला बर्फाचा. एक-दोन."

"उन्हाळ्यात. आणि वजन कमी भरलं तर सिस्टर विचारतील म्हणून ही खिशात घातलीत. मशीनला वाटलं दोन किलो पाणी आहे. तुमच्या अंगात ते नव्हतंच. मग मशीनने काढलं कुठून?"

हा त्यांचा उद्योग समजायला अवघड नाही. शनिवार ते मंगळवार हा आठवड्यातला सगळ्यात लांब खंड. बाकीचे आम्ही तेव्हा पाण्याने फुगून येतो, रक्त पातळ झालेलं असतं आणि हिमोग्लोबिन आहे त्याहून कमी दिसतं. आप्पा वाळून येत. रक्त घट्ट झालेलं असे आणि आकडा चढे. लाल पेशी होत्या तेवढ्याच. पाणी कमी. आकडा चांगला दिसतो म्हणून मॅडमनी त्यांचं इंजेक्शन कमी केलं होतं. म्हणजे आकडा वर आणि माणूस खाली, असं काही महिने चाललं होतं.

"आप्पा, पण कशासाठी?" मॅडमनी विचारलं. रागावून नव्हे.

"यादीत नाव आहे," आप्पा म्हणाले.

"मग?"

"माल उचलताना व्यापारी रंग बघतो, मॅडम. फिका माल कोण उचलणार?"

मॅडमनी वजनं खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं की ती यादी अशी चालत नाही. किती काळ वाट बघितली, रक्तगट कोणता, असं सगळं बघून गुण पडतात आणि नंबर लागतो. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून कोणी कोणाला वर घेत नाही.

आप्पांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. बाजार त्यांनी पन्नास वर्षं बघितला होता.

गुरुवारी, नेहमीसारखं पाणी पिऊन आल्यावर, त्यांचं रक्त पुन्हा घेतलं. नऊ पॉइंट चार. त्या महिन्याचा गठ्ठा त्यांनी वाचून दाखवला नाही.

मला आनंद झाला. तो फार काळ टिकला नाही असं अशा ठिकाणी लिहायची पद्धत आहे. माझा चांगला आठवडाभर टिकला. दोन वर्षं ज्या आकड्याखाली मी दबलो होतो तो खोटा निघाला होता, आणि पत्रकाराला याहून चांगली बातमी मिळत नाही. मी बायकोला घरी म्हणालो, "अकरा कधी नव्हतंच ते."

"हो," ती म्हणाली. "पण शनिवारपासून पाणी नाही, आणि मंगळवारी उभं राहायचं. तुम्हाला जमलं असतं?"

पुढच्या पाळीपासून ती डब्यात दोन चपात्या जास्त टाकू लागली.

पण आप्पा घेत नव्हते. बाळंतिणीचं वाक्यही म्हणत नव्हते. नुसता हात हलवत. शर्ट तसाच कडक, चेन तशीच. कंगवा मात्र बाहेर येत नव्हता. असे चार-पाच वार गेले. माझं हिमोग्लोबिन सात पॉइंट दोन झालं आणि मॅडमनी मुंबईच्या रुग्णालयाला कळवून ठेवलं की पुढच्या आठवड्यात कदाचित रक्त चढवावं लागेल.

त्या शनिवारी बायको डबा बंद करून भांडी विसळायला बाहेर गेली होती. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं झोपलेत.

"पत्रकार."

"बोला."

"तुमच्या उजवीकडच्या दातांना काय झालंय?"

"काही नाही."

"मग डावीकडनंच का चावता?"

मी म्हणालो, मी दोन्हीकडून चावतो.

"नाही. घास उजव्या हाताने उजवीकडे घालता, मग जिभेने डावीकडे ढकलता. दोन वर्षं बघतोय. परवा चपातीचा कडक भाग आला तो तुम्ही सबंध डावीकडे नेलात. आणि वर उजवीकडे तुम्हाला टोपी घातलेला दात आहे. हसलात की दिसतो. कमी हसता, पण दिसतो."

तो दात फार जुना होता. त्याची नस काढून वर टोपी बसवली त्याला पंधरा-वीस वर्षं झाली असतील. मेलेला दात. कधी दुखला नाही. दुखणारी नसच त्यात नव्हती.

"दुखत नाही," मी म्हणालो.

"मॅडम म्हणाल्या ना कुठेतरी धुमसतंय. धुमसणारं दुखतंच असं कुठे आहे?" मग म्हणाले, "मला त्यातलं कळत नाही. तुम्ही विचारा त्यांना."

मी विचारलं. मला त्यावर काही बोलायचं नव्हतं. पण बायको भांडी घेऊन दारात उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. दाताचा फोटो सोमवारी निघाला. मुळाशी पू साचला होता, वाटाण्याएवढा. दंतवैद्य म्हणाले, बराच जुना दिसतो. दात काढला, औषधं घेतली. पुढची रक्ततपासणी येईपर्यंत सूज दाखवणारा आकडा खाली आला होता, फेरिटिनही उतरू लागलं होतं. मग मॅडमनी लोहाची बाटली लावली. सातच्या खाली मी गेलो नाही. महिन्याभरात आठवर आलो, नंतर नऊ, नंतर दहाच्या जवळ. बाहेरचं रक्त चढवलं नाही.

इथे नोंद करायला हवी की दातांची तपासणी मुंबईच्या रुग्णालयाच्या कामांत होतीच. प्रत्यारोपणाआधी ती सगळ्यांची करतात. आमची शेवटी ठेवली होती. ती झाली असती तेव्हा दात सापडलाच असता. तोवर मला रक्त चढलेलं असतं की नाही, हे सांगता येत नाही. मी ही बाब बायकोला दोन-तीनदा समजावून सांगितली. तिने दर वेळी "हो" म्हटलं.

मला दुसरा प्रश्न पडला होता. तो मी आप्पांना प्रत्यारोपणाआधीच्या शेवटच्या पाळीला विचारला. बायको खाली रिक्षा बघायला गेली होती.

"तुम्ही दोन वर्षं माझं चावणं कशाला बघत होतात?"

"चावणं कोण बघतंय," आप्पा म्हणाले. "डबा बघत होतो."

"एवढी भूक लागत होती तर घ्यायचं होतं. ती रोज देत होती."

"खायचं नव्हतं." त्यांनी डाव्या हाताकडे बघितलं. त्यात सुया होत्या, तो उशीवर पट्टीने बांधलेला होता. "मी सुरुवातीला आणायचो डबा. सून भरून द्यायची. फिरकीचा डबा एका हाताने उघडत नाही. गुडघ्यात धरून बघितला, सांडला. सिस्टरला सांगितलं असतं तर तिने दिला असता उघडून. पण तिला किती खाटा." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "तुमचा डबा कोण उघडतं, कसा उघडतं, ते बघायचो. वहिनी झाकण फिरवताना तुमच्याकडे बघत नाहीत. आमच्याशी बोलत असतात. हाताला माहीतच आहे. मला वाटायचं, हा माणूस तिकडे बघतसुद्धा नाही. याचं लक्ष माझ्या हिमोग्लोबिनवर."

खालून शेवेचा वास येत होता. तेलाबद्दल ते काही बोलले नाहीत.

प्रत्यारोपण झालं. बायकोचं मूत्रपिंड माझ्या पोटात उजव्या बाजूला, खाली आहे. चालतं आहे. आम्ही दोघं घरी आलो. बरेच महिने मला गर्दीत जाण्याची मनाई होती. परवानगी मिळाली तशी बायकोने एका गुरुवारी सकाळी डबा भरून माझ्यापुढे ठेवला. तोच, पोच्याचा.

"मी येणार होते," ती म्हणाली, "पण बँकेत काम आहे. तुम्ही जा. दोन तास झाल्यावर द्या. आधी देऊ नका, मळमळतं त्यांना."

"तुला कसं माहीत?"

"फोन येतो ना त्यांचा."

मी फोनचं विचारलं नाही. डबा नाकाशी नेला. भाजी दोनदा उकळलेली होती, मला वासावरून कळलं. आमच्या घरी आता मीठ असतं. पानात काय आहे याचा कोणी विचार करत नाही. कुकर लावतात, वाढतात. माझ्यासाठी इतका वेळ गॅसपुढे उभं राहायची तिला आता गरज नाही. ती भाजी तिने दुसऱ्या माणसासाठी उकळली होती, हा विचार मला जिना चढेपर्यंत पुरला. जिना मी एका दमात चढलो.

आप्पा खिडकीशीच होते. माझ्या खाटेवर कोणी नवीन बाई होत्या. मी मास्क लावून स्टूल ओढलं. ते थोडे वाळले होते. कंगवा उशाला होता.

"वहिनी नाही आल्या?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. मला ते 'बरं' पुरेसं नाराज वाटलं.

दोन तास झाल्यावर मी डबा काढला. त्यांनी उजवा हात पुढे केला नाही, नुसते डब्याकडे बघत राहिले. झाकण घट्ट होतं. मला दोनदा फिरवावं लागलं. तिला एकदाच लागतं. आप्पांनी तेही बघितलं.

मी त्यांच्या हातात घास दिला. ते खाऊ लागले. आधी उजवीकडे चावलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, माझ्याकडे बघत.

"रिपोर्ट आले?" मी विचारलं.

"दहा पॉइंट एक. पाणी पिऊन." त्यांनी घास गिळला. "तुमचं?"

"तेरा."

चावणं थांबलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. सुटलेला चेहरा, भरलेलं अंग, आणि शर्टाच्या आत उजवीकडे जिथे टाक्यांची खूण आहे तिथे नजर जरा जास्त वेळ ठेवली.

"बारदानासकट?" त्यांनी विचारलं.

"बारदानासकट," मी म्हणालो, आणि पुढचा घास केला.